घरच्या कॉम्प्युटरची रात्रपाळी

शनिवार, ८ एप्रिल २०२३, परभणी

औंढा नागनाथच्या लायगोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. २,६०० कोटी रुपये, काम २०३० पर्यंत. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्येच झाली होती, त्यामुळे आम्हा लोकांना बातमीपेक्षा 'चला, एकदाचं झालं' असंच जास्त वाटलं. सासूबाईंनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "नागनाथाला जातो, तिथंच का गं हे?" म्हटलं, तिथून जवळच. "आणि तुझा डबा रात्रभर घुमतो, तो यांच्यासाठीच ना?"

डबा म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर. आणि उत्तर 'हो' असंच आहे, थोडं वळसा घालून. औंढ्याचं यंत्र व्हायचंय, पण अमेरिकेतली तसली दोन यंत्रं चालू आहेत, हॅनफर्डला आणि लिव्हिंग्स्टनला. त्यांच्या नोंदींचे तुकडे आइन्स्टाइन अ‍ॅट होम या प्रकल्पामार्फत आमच्या डब्यात येतात. फोल्डर उघडून सासूबाईंना दाखवलं : एका फाइलीचं नाव 'एच१'ने सुरू होतं, दुसरीचं 'एल१'ने. एच म्हणजे हॅनफर्ड, एल म्हणजे लिव्हिंग्स्टन. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाल्या, "यात काय दिसतं?" काहीच दिसत नाही. दिसण्यासारखं असतं तर आम्हाला कशाला दिलं असतं!

१४ सप्टेंबर २०१५ ला जी लहर पहिल्यांदा सापडली ती दोन कृष्णविवरांच्या धडकेची होती, सेकंदाच्या एका अंशापुरती, पण ठसठशीत. आम्ही शोधतो ती वेगळी. गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर जरासा उंचवटा असेल तर त्यातून अखंड, एकसुरी, अतिशय क्षीण लहर निघत राहायला हवी. ती ऐकायची तर महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी एकावर एक रचाव्या लागतात. पृथ्वी फिरते, सूर्याभोवतीही फिरते, त्यामुळे त्या सुराची पट्टी सारखी हलते, आणि किती हलेल ते तारा आकाशात कुठल्या दिशेला आहे त्यावर ठरतं. दिशा माहीत नाही, वारंवारता माहीत नाही, तारा किती वेगाने मंदावतोय तेही नाही. सगळ्या शक्यता एकेक करून तपासायच्या. म्हणून जगभरातले घरगुती डबे लागतात. अशी अखंड लहर अजून एकदाही कुणाला सापडलेली नाही.

गुरुवार, १३ एप्रिल

डब्याचं तापमान चढायला लागलं. सहा गाभ्यांचा प्रोसेसर, बॉइंकला (हे प्रकल्प चालवणारं सॉफ्टवेअर) त्यातले सगळे दिले की काटा ९० अंशांवर. बाजूचं पत्र्याचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर करड्या रंगाचा थर आणि त्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये नमदा बसावा तशी धूळ. ब्लोअरने ती नुसती आत सरकते. एक इंची रंगाचा नवा ब्रश घेतला, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं (न धरता झाडलं तर तो उलटा गरगरतो, बेअरिंग जातं), आणि पट्ट्यांमधून वरून खाली, वरून खाली. मग जुनी वाळकी पेस्ट कापसाने पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी. परत लावल्यावर त्याच कामाला ७४.

शिवाय उन्हाळ्यापुरतं बॉइंकला सांगून टाकलं की बारापैकी सहाच धागे वापर. काम निम्मं होतं असं वाटेल, तसं होत नाही. दोन धागे एकाच गाभ्यावर ओढाताण करत होते ती थांबते आणि उरलेले जरा वेगाने धावतात.

बुधवार, १९ एप्रिल

कॉलेजातल्या एका सहकारी बाईंनी विचारलं, चार प्रकल्प एका मशीनवर कसे काय चालतात? म्हणजे वाटणी कोण करतं?

वाटणी बॉइंकचा मॅनेजर करतो, आपण फक्त आकडे द्यायचे. प्रत्येक प्रकल्पाला एक वाटा, मूळचा आकडा १००. हे शंभर म्हणजे टक्के नव्हेत, इथेच बहुतेक जण अडखळतात. माझे वाटे असे : आइन्स्टाइन १००, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड १००, रोझेटा ५०, आणि हवामानाचा क्लायमेटप्रेडिक्शन ५०. एकूण ३००. आइन्स्टाइनला तिसरा हिस्सा. पण आज रात्री स्क्रीन उघडली तर सहाही कामं ग्रिडचीच दिसतील, उद्या पाच आइन्स्टाइनची. हिशेब रोजचा नसतो. मागे कुणी किती काम केलं त्याची तो सरासरी धरून ठेवतो, आणि जुनं काम हळूहळू त्यातून झिजत जातं, दहा दिवसांत निम्मं. अकरावीला मी किरणोत्सर्गाचं अर्धायुष्य शिकवताना जे सूत्र फळ्यावर लिहिते तेच. ज्याचं येणं बाकी तो पुढे. म्हणून नव्याने कुणी प्रकल्प जोडला की तो सुरुवातीला सगळं मशीन गिळून बसतो आणि माणूस घाबरतो. त्याचं खातं कोरं असतं ना!

शून्य वाटा देण्याचीही सोय आहे. असा प्रकल्प राखीव खेळाडू : बाकी कुणाकडेच काम नसेल तेव्हाच तो मैदानात उतरतो. ही सोय फार कमी लोक वापरतात. वास्तविक घरगुती मशीनवर एक मुख्य प्रकल्प आणि एक राखीव एवढंच पुरेसं आहे, असं माझं मत होत चाललंय. दहा-बारा प्रकल्पांना जोडून प्रत्येकाचा झेंडा मिरवणाऱ्यांचं मला काही कळत नाही.

शनिवार, २९ एप्रिल

अवकाळी. दुपारी चारला अंधारून आलं, गारा पडल्या, लाइट गेली ती रात्री दहाला आली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर ठेवलेला नाही. त्यावर दोन पंखे आणि ट्यूब, बस.

लाइट आल्यावर मॅनेजर उघडून कुणाचं काय झालं ते पाहिलं. आइन्स्टाइन आणि ग्रिडची कामं काही मिनिटं मागून पुन्हा सुरू झाली. ती दर थोड्या वेळाने आपली अवस्था डिस्कवर लिहून ठेवतात. हवामानाच्या कामाचं नुकसान मोठं असतं. ते क्वचितच लिहितं, कारण लिहायचंच खूप असतं. अख्ख्या पृथ्वीचं वातावरण जाळीत मांडलेलं, एकेक काम चार-पाच जीबी मेमरी खातं. माझ्याकडे १६. म्हणजे दोन कामं एकदम घेतली की बाकीच्यांचे हाल.

तुकडे कसे पाडता येतात यावर सगळं आहे. आइन्स्टाइन आकाशाचे आणि वारंवारतेचे तुकडे पाडतो. माझा तुकडा तुमच्या तुकड्यावर अवलंबून नाही. रोझेटा प्रथिनाच्या घड्या घालून बघतो, दर वेळी वेगळ्या यादृच्छिक सुरुवातीपासून; त्यामुळे तिथे आपणच सांगायचं की इतके तास बघ आणि थांब. मूळचे आठ तास असतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचा हा प्रकल्प मला त्या एका सोयीसाठी आवडतो, मात्र त्याच्याकडे हल्ली काम क्वचितच असतं. हवामानाचं तसं नाही. मंगळवारचं हवामान काढल्याशिवाय बुधवारचं काढता येत नाही. काळाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या घरी वाटता येत नाहीत. वाटायचे तर संपूर्ण मॉडेलच, थोडी वेगळी सुरुवात देऊन, प्रत्येकाला एकेक. ऑक्सफर्डवाल्यांनी ते २००३ पासून चालवलंय आणि कल्पना म्हणून मला ती सगळ्यांत देखणी वाटते. पण जिथे लाइट अशी जाते त्या गावात तो प्रकल्प शोभत नाही. आहे ते काम पूर्ण करून द्यायचं आणि 'नवीन काम नको' वर टिचकी. एकदम काढून टाकायचा नाही. काढला की हातातलं काम वाया जातं आणि पलीकडचे मुदत उलटेपर्यंत वाट बघत बसतात.

गुरुवार, ११ मे

पंतप्रधानांनी दिल्लीहून लायगोची पायाभरणी केली, दूरदृश्य प्रणालीने. मोबाइलवर बघितली. ४२ अंश. ग्राफिक्स कार्ड बंद केलंय, म्हणजे लहरींचं कामही बंद, ते कार्डावरच चालतं. प्रोसेसरवर फर्मी उपग्रहाच्या गॅमा किरणांत पल्सार (तेच गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे) शोधणं तेवढं चालू.

बुधवार, १७ मे

आजच्या तारखेला १९९९ मध्ये परग्रहवासींचा शोध घेणारं सेटी अ‍ॅट होम सुरू झालं होतं. मी तेव्हा औरंगाबादला एम.एस्सी. करत होते. विभागातल्या एका सरांच्या कॉम्प्युटरवर स्क्रीनसेव्हर लागलेला असायचा : काळ्या पडद्यावर रंगीत डोंगररांगा, एकेक रांग पुढे सरकत. आम्ही मुली तो बघायला उभ्या राहायचो. सर म्हणायचे, ही परग्रहावरची पत्रं आहेत, अजून उघडलेली नाहीत.

आता तपशील माहीत आहे. पोर्तो रिकोच्या अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदी, १,४२० मेगाहर्ट्‌झभोवतीचा अडीच मेगाहर्ट्‌झचा पट्टा, त्याच्या २५६ चिरफळ्या, प्रत्येक चिरफळीचे १०७ सेकंदांचे तुकडे. एक तुकडा साधारण साडेतीनशे केबी, डायल-अपवर उतरेल असा. एवढं बेतून केलं होतं म्हणून लाखो लोक आले. पुढे बर्कलीच्या डेव्हिड अँडरसन यांनी त्याच अनुभवातून बॉइंक उभं केलं, म्हणजे प्रत्येक शास्त्रज्ञाला नव्याने सगळी यंत्रणा बांधायला नको आणि आपल्याला एकाच खिडकीतून चार प्रकल्प चालवता यावेत. सेटीने ३१ मार्च २०२० ला काम वाटणं थांबवलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीणच कोसळली.

अरेसिबोच्या नोंदींतून परग्रहवासी सापडले नाहीत, पण आइन्स्टाइनवाल्यांना २०१० मध्ये एक पल्सार सापडला, सेकंदाला जवळजवळ ४१ गिरक्या घेणारा. ज्या मशीनांवर तो उमटला त्यांतलं एक अमेरिकेत आयोवात एका दांपत्याच्या घरी होतं, दुसरं जर्मनीत. त्यांनी काही विशेष केलं नव्हतं. मशीन चालू ठेवलं होतं.

शनिवार, २० मे

भाचा आलाय नांदेडहून, सीईटी देऊन मोकळा. स्वतःचा लॅपटॉप आहे पण गेमला माझं ग्राफिक्स कार्ड हवं. ठीक. बॉइंकला गेमचं नाव देऊन ठेवलं. तो गेम सुरू झाला की बाकी सगळं आपोआप थांबतं, बंद झाला की पुन्हा चालू.

"मावशी, याचे पैसे मिळतात का?"

"नाही."

"मग हे आकडे कसले?"

आकडे म्हणजे गुण. केलेल्या कामाचे. एककाला कॉबलस्टोन म्हणतात, सेटीच्या जेफ कॉब यांच्या नावावरून. त्याने काही विकत मिळत नाही. गंमत म्हणजे एकाच मशीनला एक प्रकल्प तासाला भरपूर गुण देतो, दुसरा चिमूटभर. वाट्यांचा हिशेब गुण बघून करणाऱ्यांची त्यामुळे फसगत होते. मी ते स्तंभच झाकून टाकलेत. भाच्याने दहा मिनिटांत ते शोधून पुन्हा उघडले आणि मला सांगितलं की मी भारतात कितवी आहे. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग त्याची कल्पना : "तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये तीस कॉम्प्युटर आहेत ना? रात्री सगळे लाव." त्याला जॉर्जियाची गोष्ट सांगितली, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याची. तिथल्या एका तंत्रशिक्षण संस्थेतल्या संगणक-व्यवस्थापकाने नव्वदच्या दशकाअखेरीस संस्थेच्या मशीनवर असाच, सांकेतिक लिपी फोडण्याचा, एक प्रकल्प टाकला होता. त्याच्यावर फौजदारी खटला झाला. तुरुंगाची वेळ आली होती. शेवटी २००२ मध्ये दंड आणि देखरेखीवर सुटला. वीज संस्थेची, मशीन संस्थेचं, परवानगी कुणाची? लेखी असेल तर लावू. प्राचार्यांकडे अर्ज करायला मला काही अडचण नाही, पण त्यांना 'गुरुत्वीय लहर' समजावून सांगायला भाच्याने यावं.

गुरुवार, २५ मे

बारावीचा निकाल दुपारी दोनला. भाचा पावणेदोनपासून माझ्या मशीनवर. "बॉइंक बंद कर ना, स्लो होईल." बंद केलं नाही. प्रोसेसरवरची कामं सगळ्यात खालच्या प्राधान्याने धावतात, ब्राउझरने हात पुढे केला की बाजूला होतात. ग्राफिक्स कार्डाचं काम मात्र असं शहाण्यासारखं वागत नाही, त्याने पडदा अडखळतो; पण ते तसंही बंदच आहे. निकाल ७८ टक्के. सासूबाईंनी साखर ठेवली हातावर.

कालपासून हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनमध्ये निरीक्षणाचा चौथा टप्पा सुरू झालाय. त्या नोंदी घरोघरी वाटल्या जाईपर्यंत बराच काळ जाईल. तोपर्यंत ऊन उतरलेलं असेल.

शनिवार, ३ जून

भाच्याने स्वतःच्या लॅपटॉपवर बॉइंक टाकलं, आनंद आहे. पण कामाचा साठा ठेवण्याच्या रकान्यांत दोन्हीकडे दहा-दहा दिवस भरले. मूळचा आकडा एक दशांश दिवस आणि वर अर्धा दिवस असतो. तिथे वीस दिवस! "नेट गेलं तर काम हवं ना."

संध्याकाळी त्याच्या स्क्रीनवर शंभरावर ओळी. ग्रिडच्या कामांची मुदत सहा दिवस, रोझेटाची तीन, आइन्स्टाइनची चौदा. लॅपटॉपच्या चार गाभ्यांना हे झेपणारं नव्हतंच, कारण लॅपटॉप तो सहा-सात तासच चालू ठेवतो आणि नव्या मशीनला स्वतःच्या सवयी अजून ठाऊक नाहीत. मुदत चुकायची भीती दिसली की बॉइंक वाटे-बिटे बाजूला ठेवतं आणि ज्याची मुदत आधी ते आधी असं धावायला लागतं. मग त्याला ज्या प्रकल्पाची सगळ्यात हौस, त्या आइन्स्टाइनचं एकही काम पुढे सरकेना. हा माझ्याकडे तक्रार घेऊन : "मी आइन्स्टाइनला ३०० दिलेत, तरी तो चालत नाही."

त्याला सांगितलं, पानात वाढून घ्यावं ते खाणार असू तेवढंच. पुढचं त्याला माहीत नव्हतं, ते दाखवलं. ग्रिडचं एक काम उघडून त्याच्या नावासमोर आणखी एक मशीन दाखवलं, देश फिनलंड. काही कामं दोन वेगवेगळ्या घरी दिली जातात. दोन्ही उत्तरं जुळली तरच ती धरतात, कारण एखाद्याची मेमरी खराब असते, एखादा प्रोसेसर ताणून चालवतो, एखादा लबाडीही करतो. फिनलंडच्या माणसाने त्याचा भाग परवाच दिला होता. तो भाच्याच्या उत्तरासाठी थांबलेला. भाच्याची मुदत हुकली की तेच काम तिसऱ्या घरी जाणार, आणि तो तिसरा पुन्हा सहा दिवस घेणार. पलीकडच्या शास्त्रज्ञाच्या तक्त्यातली ती एक चौकट तेवढे दिवस रिकामी.

"म्हणजे कमी घेतलं तर जास्त होतं?"

कमी नाही, वेळेवर. मी स्वतः पाव दिवसाच्या वर साठा ठेवत नाही. एका प्रकल्पाचा सर्व्हर मध्येच आठ-आठ दिवस मुका होतो, तेव्हाही नाही. त्यासाठी तर शून्य वाट्याचा राखीव असतो. साठा हे तुटक नेट असलेल्या गावांचं औषध होतं, डायल-अपच्या काळातलं. आता आमच्याकडेही फायबर आलंय.

सुरू न झालेली कामं त्याने परत केली. मॅनेजरमध्ये ती रद्द केली की सर्व्हरला लगेच कळतं आणि दुसऱ्याला वाटली जातात. लॅपटॉप नुसता बंद करून बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. करताना त्याचा चेहरा पडला होता, कारण रद्द केल्याची नोंद राहते. राहू दे म्हटलं.

गुरुवार, ८ जून

भाचा गेला. जाताना विचारून गेला की बॅटरीवर चालू द्यायचं का. नाही. आणि अंथरुणावर ठेवून तर अजिबात नाही, खालच्या जाळ्या बुजतात.

आता माझ्याकडे : आइन्स्टाइन १००, ग्रिड ५०, रोझेटा ०. हवामानाचं शेवटचं काम मागच्या आठवड्यात पोचतं झालं.

सोमवार, १२ जून

पावसाचा पत्ता नाही. मे महिन्याचं बिल आलं, ३४० युनिट. ३०० च्या पुढे दर चढतो. नवऱ्याने बिल टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता डब्याकडे बघितलं.

माझ्याकडे प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आहे, त्याचे आकडे काढून दिले. डबा नुसता चालू, काही काम नाही : ५५ वॅट. सहा कामं : ११०. कार्डासकट : १८५. मे महिन्यात कार्ड बंद, एखाददुसरी दुपार सोडली तर रात्री दहा ते सकाळी आठ. ११० वॅट गुणिले दहा तास, म्हणजे रात्रीला एक युनिट आणि वर थोडं. महिन्याला साधारण चौतीस. चढा दरही फक्त ३०० वरच्या चाळीस युनिटांनाच, सगळ्या बिलाला नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि हॉलमधला कूलर दुपारी बारापासून रात्री दोनपर्यंत चालतो, तो किती घेतो ते कुणी मोजलेलं नाही.

"कूलर गरजेचा आहे," तो म्हणाला.

त्यावर वाद नाही. पण मोजायला काय हरकत आहे? उद्या मीटर काढून कूलरला लावते.